अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा हक्कलढा आणि त्याचे नेते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स ही दोन नावं आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतात. त्यांच्या आधी, त्यांच्या सोबत आणि कधी कधी त्यांच्याशी भांडत ज्यांनी हा लढा उभा केला, ती माणसं मात्र फारशी कुणाला माहीत नसतात. विद्यार्थी, शिक्षक आणि कार्यकर्त्यांच्या मनात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, मग त्यानंतर शंभर वर्षं लढा कशासाठी?

यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या राज्यघटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. गुलामगिरी बंद झाली, सगळ्यांना समान नागरिकत्व मिळालं आणि वंशावरून मताधिकार नाकारायला मनाई झाली. काही वर्षं हे सगळं खरोखर अमलातही आलं. १८७० मध्ये मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ सिनेटवर गेले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती याच आशेच्या काळात.

त्यानंतर चारच वर्षांत, १८७७ साली, केंद्राने दक्षिणेतलं सैन्य मागे घेतलं आणि कृष्णवर्णीयांना मिळालेले हक्क तिथल्या राज्यांनी एकेक करून काढून घ्यायला सुरुवात केली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळं पण समान’ या तत्त्वावर शिक्कामोर्तब केलं. मग शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, पाण्याचे नळ वेगळे. वेगळा पाणवठा म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. मतदानासाठी कर आणि ‘साक्षरता चाचणी’ आली, आणि त्या चाचणीत कोण पास हे ठरवायचा गोरा कारकून. या सगळ्याच्या मागे झुंडीच्या हातून होणाऱ्या हत्यांची कायमची दहशत होती. या व्यवस्थेला ‘जिम क्रो’ म्हणतात.

हा लढा १९५५ च्या बस बहिष्कारापासून सुरू झाला, हे बरोबर आहे का?

नाही. आयडा वेल्स यांच्यापासून मोजायचं तरी १८९२ पर्यंत मागे जावं लागतं. मेम्फिस शहरात त्यांच्या ओळखीच्या तीन दुकानदारांना झुंडीने ठार मारलं. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांचं किराणा दुकान शेजारच्या गोऱ्याच्या दुकानापेक्षा चांगलं चालत होतं. वेल्स पत्रकार होत्या. अशा हत्यांची गावोगावची माहिती गोळा करून, ‘बलात्काराला शिक्षा’ हे कारण किती वेळा धादांत खोटं असतं ते त्यांनी छापलं. त्यांच्या वृत्तपत्राची कचेरी झुंडीने उद्ध्वस्त केली आणि त्यांना शहर कायमचं सोडावं लागलं. हातात कागद-पेन घेऊन, नाव-गाव-तारखेनिशी अत्याचाराची नोंद ठेवायची पद्धत या लढ्याला त्यांनी दिली.

१९०९ मध्ये ‘एनएएसीपी’ ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना स्थापन झाली. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे तिचे संस्थापक सदस्य आणि तिच्या मासिकाचे संपादक. पुढे १९४१ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना थेट सांगितलं, की युद्धसाहित्याच्या कारखान्यांत कृष्णवर्णीयांना नोकऱ्या द्या, नाहीतर वॉशिंग्टनवर मोर्चा आणतो. रँडॉल्फ रेल्वेच्या झोपायच्या डब्यांतल्या पोर्टरांचे कामगार नेते होते. मोर्चा निघायच्या आत रूझवेल्टनी आदेश काढला.

न्यायालयातली लढाई कुणी लढवली?

चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन आणि त्यांचे विद्यार्थी थरगुड मार्शल यांनी. ह्यूस्टन वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकवत. त्यांचा डाव सरळ होता. ‘वेगळं पण समान’ म्हणता ना, मग समान आहे ते दाखवा. ते स्वतः दक्षिणेत फिरून कृष्णवर्णीय मुलांच्या पडक्या शाळांचं चित्रीकरण करून आणत. आधी उच्च शिक्षण, मग शाळा, असा एकेक दगड काढत त्यांनी भिंत खिळखिळी केली. निकाल पाहायला ते राहिले नाहीत, १९५० मध्येच गेले.

मार्शल यांनी १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन’ खटला जिंकला आणि शाळांमधला भेद घटनाबाह्य ठरला. त्या एका नावाखाली खरं तर पाच ठिकाणचे खटले होते. त्यातला व्हर्जिनियातला खटला बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या मुलीमुळे उभा राहिला. तिच्या शाळेत वर्ग भरायला जागा नव्हती म्हणून डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत मुलांना बसवत. १९५१ मध्ये तिने मुलांना सभागृहात जमवलं आणि सगळी शाळा संपावर नेली. नेत्यांची यादी करताना हिचं नाव गाळणं मला तरी पटत नाही. मार्शल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून बसमधून उठल्या नाहीत, ही गोष्ट खरी आहे का?

ही गोष्ट इतक्या ठिकाणी सांगितली जाते, की ती खोडताना थोडं विस्ताराने बोलायला हवं.

१ डिसेंबर १९५५ रोजी बसमध्ये गोऱ्या प्रवाशाला जागा द्यायला नकार दिला म्हणून पार्क्सना अटक झाली, तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या. एका मोठ्या दुकानात शिवणकाम करत, हे खरं. पण त्याआधी बारा वर्षं त्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात एनएएसीपीच्या शाखेच्या सचिव म्हणून काम करत होत्या. १९४४ मध्ये रेसी टेलर या तरुण बाईवर गोऱ्या पुरुषांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा चौकशीला शाखेने पार्क्सना पाठवलं होतं. १९५५ च्या उन्हाळ्यात त्या टेनेसी राज्यातल्या हायलँडर शाळेत चळवळीचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. त्याच ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाची हत्या झाली होती आणि मारेकरी सुटले होते. आपण दमलो होतो ते सतत नमतं घेऊन, असं पार्क्सनी स्वतः पुढे लिहून ठेवलं.

त्याच शहरात ९ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, क्लॉडेट कोल्विन या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीनेही जागा सोडायला नकार दिला होता. तिला फरफटत नेऊन अटक केली. स्थानिक नेत्यांनी तिचा खटला पुढे करायचं टाळलं. ती लहान होती, गरीब वस्तीतली होती, आणि थोड्याच दिवसांत तिला दिवस गेल्याचं समजलं. ‘लोकांपुढे ठेवायला योग्य चेहरा’ शोधण्याचा हा हिशेब आज वाचताना टोचतो. पण बसमधला भेद ज्या खटल्यामुळे बेकायदा ठरला, त्यातल्या चार फिर्यादी बायकांपैकी एक कोल्विनच होती. पार्क्सचा खटला वेगळा होता. कोल्विनच्या नावावरची गुन्ह्याची ती जुनी नोंद न्यायालयाने २०२१ मध्ये पुसली.

३८१ दिवस लोकांनी बसशिवाय काढले कसे?

माँटगोमेरीच्या बसमध्ये कृष्णवर्णीय प्रवाशाने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, पुन्हा खाली उतरायचं आणि मागच्या दाराने आत यायचं. कधी कधी ड्रायव्हर तेवढ्यात बस पुढे काढी. पार्क्सना अटक झाली त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या चक्रमुद्रण यंत्रावर बसवर बहिष्काराची हाक देणारी हजारो पत्रकं छापली आणि सकाळी विद्यार्थ्यांच्या हातून ती शाळा, दुकानं, केशकर्तनालयं अशी सगळीकडे पोहोचवली. सोमवार, ५ डिसेंबरला बस रिकाम्या धावल्या.

मग खरी कसोटी सुरू झाली. धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका रोज मैलोन्‌मैल चालत कामाला जात. ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी त्या दिल्या आणि ठरलेल्या थांब्यांवरून लोकांची ने-आण सुरू झाली. गाड्यांचा विमा स्थानिक कंपन्यांनी रद्द केला तेव्हा तो थेट लंडनहून उतरवावा लागला. पेट्रोलला पैसे हवेत. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाईंनी शेजारणी जमवून घरात कोंबडीचे सँडविच, केक आणि ‘पाय’ नावाचा भाजलेला पदार्थ करून विकले आणि दर आठवड्याला सभेत पैसे आणून दिले. कुणाच्या घरातून माल येतो हे मालकांना कळलं तर नोकरी जायची, म्हणून या गटाचं नाव ठेवलं होतं ‘कुठूनच नाही असा क्लब’. पैसे कुठून आले असं विचारलं की उत्तर तयार : कुठूनच नाही. गिलमोर यांची स्वतःची नोकरी मात्र गेलीच, कारण किंग यांच्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली.

सुरुवातीच्या मागण्या किती साध्या होत्या तेही बघा. ड्रायव्हरने नीट बोलावं, आधी येईल त्याला आधी जागा मिळावी, कृष्णवर्णीय वस्तीच्या मार्गांवर कृष्णवर्णीय ड्रायव्हर नेमावेत. तेवढंही प्रशासनाने नाकारलं आणि मग लोकांनी सगळंच मागितलं. नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेद रद्द केला आणि डिसेंबरात बहिष्कार संपला.

किंग नेते कसे झाले? ते आधीपासून गांधीवादी होते का?

बहिष्कार सुरू झाला तेव्हा ते २६ वर्षांचे होते आणि माँटगोमेरीत नवे होते. जुन्या गटांच्या भांडणात ते नव्हते, त्यामुळे सगळ्यांना चालले. ई. डी. निक्सन यांच्यासारख्या माँटगोमेरीतल्या जुन्याजाणत्या कार्यकर्त्यांनी चळवळीचं घर बांधून ठेवलं होतं, किंग त्यात आले आणि त्याला त्यांनी आवाज दिला.

अहिंसेचं म्हणाल, तर गांधींबद्दल त्यांनी वाचलं होतं, पण रोजच्या जगण्यात ती उतरायला वेळ लागला. ३० जानेवारी १९५६ ला त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यानंतर घरावर हत्यारी पहारा होता आणि त्यांनी पिस्तूल बाळगायचा परवाना मागितला होता, जो मिळाला नाही. बेयर्ड रस्टिन यांच्यासारखे अनुभवी सत्याग्रही माँटगोमेरीत येऊन राहिले आणि किंग हळूहळू पक्के होत गेले. माणूस चळवळीत घडतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

या लढ्याचा नागपूरशी काही संबंध आहे म्हणतात, तो कोणता?

आहे, आणि तो आपल्याकडे फारच कमी लोकांना ठाऊक आहे. जेम्स लॉसन हे मेथडिस्ट पंथाचे तरुण. कोरियन युद्धात सक्तीची लष्करभरती नाकारली म्हणून अमेरिकेत तुरुंगात जाऊन आलेले. १९५३ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपूरला आले आणि हिस्लॉप कॉलेजात १९५६ पर्यंत राहिले. तिथे मुलांना खेळ शिकवायचे आणि सत्याग्रहाचा अभ्यास करायचे. १९५५ च्या डिसेंबरात नागपुरातल्या वर्तमानपत्रात त्यांनी माँटगोमेरीची बातमी वाचली. ज्याचा अभ्यास करायला आपण इतक्या लांब आलो ते आपल्याच घरी सुरू झालंय, हे त्यांना त्या पानावर कळलं.

परत गेल्यावर १९५७ मध्ये त्यांची किंग यांच्याशी भेट झाली. शिक्षण संपवून मग दक्षिणेत येतो, असं लॉसन म्हणाले. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या, तुमच्यासारखा माणूस आमच्याकडे नाही. लॉसन नॅशव्हिलला गेले आणि एका चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊ लागले. वर्गात नाटकच चाले. काही मुलं गोरे गुंड व्हायची, बाकीच्यांना शिव्या घालायची, ढकलायची, अंगावर थुंकायची. समोरच्याने हात उगारायचा नाही, पण घाबरून पळायचंही नाही. मार बसताना डोकं कसं झाकायचं आणि साथीदाराला वाचवायला मध्ये कसं पडायचं, याचा सराव व्हायचा.

फेब्रुवारी १९६० मध्ये ग्रीन्सबरो गावात चार विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातल्या गोऱ्यांसाठी राखीव खाद्यकाउंटरवर जाऊन बसले आणि दोन आठवड्यांच्या आत नॅशव्हिलची ही तयार मुलंही मैदानात उतरली. त्यांच्याजवळ लेखी नियम होते : उलट मारू नका, शिवी देऊ नका, मोठ्याने हसू नका, ताठ बसा, तोंड कायम काउंटरकडे ठेवा. लॉसन यांना विद्यापीठाने काढून टाकलं. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांच्या वकिलाचं घर बॉम्बने उडवलं, तेव्हा हजारोंचा मूक मोर्चा महापौरांकडे गेला. डायन नॅश या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीने महापौरांना चारचौघांत विचारलं, की माणसाच्या रंगावरून भेद करणं बरोबर आहे असं तुम्हाला वाटतं का? ते म्हणाले, नाही. १० मे पासून शहरातले काउंटर खुले होऊ लागले.

याच गटातून जॉन लुइस, जेम्स बेव्हेल, बर्नार्ड लाफायेट पुढे आले. १९६१ मध्ये ‘फ्रीडम रायडर्स’ची, म्हणजे बसमधला भेद मोडायला गोरे-काळे मिळून दक्षिणेत प्रवास करणाऱ्या कार्यकर्त्यांची, बस अलाबामात पेटवून दिली गेली. प्रवास थांबतोय असं दिसताच नॅश यांनी नॅशव्हिलहून नव्या तुकड्या पाठवल्या. निघण्याआधी काहींनी मृत्युपत्रं लिहून ठेवली होती. लॉसन २०२४ मध्ये ९५ व्या वर्षी गेले. नागपुरात त्यांच्या नावाची आठवण ठसठशीतपणे जपली जायला हवी, असं मनापासून वाटतं.

किंग महाराष्ट्रात आले होते का?

हो. १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ते आणि त्यांच्या पत्नी कोरेटा महिनाभर भारतात होते. मुंबईत ते मणिभवनात राहिले. त्याच दौऱ्यात केरळमध्ये एका शाळेत मुख्याध्यापकांनी ‘अमेरिकेतले एक अस्पृश्य बांधव’ अशी त्यांची ओळख करून दिली. आधी त्यांना ते खटकलं. मग विचार करताना त्यांना जाणवलं, की हे खरंच आहे. हा प्रसंग त्यांनी पुढे आपल्या प्रवचनात सांगितला.

वॉशिंग्टनचा मोठा मोर्चा किंग यांनीच काढला ना?

२८ ऑगस्ट १९६३ च्या त्या मोर्चात किंग यांचं भाषण झालं आणि ते अजरामर झालं. मोर्चा उभा केला तो बेयर्ड रस्टिन यांनी, आणि कल्पना होती रँडॉल्फ यांची, १९४१ पासूनची. पूर्ण नाव होतं ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी मोर्चा’. किमान वेतन ताशी दोन डॉलर करा, ही त्यातली एक मागणी होती. भाषणाच्या झगमगाटात ती हरवून गेली.

रस्टिन यांच्याकडे दोन महिन्यांपेक्षा कमी वेळ होता. अडीच लाखांच्या आसपास माणसं येणार, ऑगस्टचं ऊन, एका दिवसात येऊन परत जायचं. शौचालयं किती, पिण्याच्या पाण्याचे नळ किती, बस कुठे लावायच्या, स्वयंसेवक पोलिसांनी हत्यार न वापरता गर्दी कशी सांभाळायची, हे सगळं त्यांनी कागदावर मांडलं. घरून डबा आणताना मेयोनीज घातलेलं काही आणू नका, उन्हात खराब होईल, अशी सूचनाही लोकांना दिलेली होती. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये स्वयंसेवकांनी रात्रभर जागून चीज सँडविचचे ८० हजार डबे भरले.

असा माणूस कायम पडद्याआड का राहिला? ते समलिंगी होते आणि त्यासाठी एकदा अटकही झाली होती. मोर्चाच्या तोंडावर सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांनी भर सभागृहात त्यांची बदनामी केली. रँडॉल्फ ठामपणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले म्हणून ते टिकले. देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना २०१३ मध्ये, मृत्यूनंतर २६ वर्षांनी मिळाला.

या सगळ्यात बायका कुठे होत्या?

सगळीकडे होत्या, फक्त व्यासपीठावर त्यांना जागा दिली गेली नाही. वॉशिंग्टनच्या मोर्चात एकाही बाईचं मुख्य भाषण ठेवलं नव्हतं.

एला बेकर यांनी आधी एनएएसीपीच्या शाखा बांधल्या, मग किंग यांच्या संघटनेची कचेरी चालवली. पुरुष धर्मोपदेशकांच्या कारभाराला त्या कंटाळल्या होत्या. एप्रिल १९६० मध्ये त्यांनी देशभरातल्या सत्याग्रही विद्यार्थ्यांना एकत्र आणलं. मोठ्या संघटनांची शाखा होऊ नका, स्वतःचं स्वतः ठरवा, असं त्यांनी मुलांना सांगितलं आणि त्यातून ‘स्निक’ ही विद्यार्थी संघटना जन्मली. सबळ माणसांना सबळ नेत्याची गरज नसते, हे त्यांचं ठाम मत होतं. माझ्या लेखी या लढ्यातलं सगळ्यात खोल राजकीय शहाणपण त्यांच्याकडे होतं.

सेप्टिमा क्लार्क शिक्षिका होत्या. एनएएसीपीचं सदस्यत्व सोडलं नाही म्हणून १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली आणि निवृत्तिवेतनही. त्यांनी प्रौढांसाठी ‘नागरिकत्व शाळा’ सुरू केल्या. पहिली शाळा जॉन्स बेटावर, पुढे दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, कारण गोऱ्यांना पत्ता लागू द्यायचा नव्हता. पहिल्या शिक्षिका बर्निस रॉबिन्सन केशरचनेचा व्यवसाय करत. त्यांनी पहिल्या दिवशी शिकणाऱ्यांना विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला सही करायची होती, कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला टपालाने सामान मागवायचा फॉर्म भरायचा होता. तिथून सुरुवात करून मतदार नोंदणीच्या चाचणीपर्यंत जायचं. दक्षिणेतल्या हजारो नव्या मतदारांच्या मागे या वर्गांची मेहनत आहे.

आणि फॅनी लू हेमर. मिसिसिपीतल्या वाटेकरी शेतमजुरांच्या २० मुलांमधलं शेवटचं मूल, सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारं. मत द्यायचा आपल्याला हक्क आहे, हे त्यांना चव्वेचाळिसाव्या वर्षी एका सभेत कळलं. ३१ ऑगस्ट १९६२ ला त्या १७ जणांबरोबर नोंदणीला गेल्या. परत येताना पोलिसांनी बस अडवली आणि दंड केला, कारण काय तर बसचा रंग जास्तच पिवळा आहे. घरी पोहोचल्या तर मळ्याचा मालक दारात : अर्ज मागे घे, नाहीतर जागा सोड. हेमर म्हणाल्या, मी नोंदणीला तुमच्यासाठी गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते. १८ वर्षांचं घर त्याच रात्री सुटलं. जून १९६३ मध्ये विनोना गावच्या कोठडीत त्यांना इतकं मारलं, की मूत्रपिंड आणि डोळा कायमचा अधू झाला.

१९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी ही हकीकत सांगायला सुरुवात केली. दूरचित्रवाणीवर ते थेट दिसत होतं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी लक्ष वळवायला घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली. वाहिन्यांनी मग संध्याकाळी तेच भाषण पुन्हा दाखवलं आणि देशाने ते जास्तच लक्ष देऊन ऐकलं. पक्षाने तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. आम्ही एवढ्या लांबून दोन जागांसाठी आलो नाही, असं सांगून हेमर यांनी त्या नाकारल्या.

माल्कम एक्स आणि किंग एकमेकांचे शत्रू होते का?

विचारांचे विरोधक होते. माल्कम उत्तरेकडच्या शहरांतल्या गरीब वस्त्यांचं बोलत. तिथे वेगळ्या बसच्या पाट्या नव्हत्या, पण पोलिसांचा मार, बेकारी आणि कोंदट घरं होती. तुरुंगात त्यांनी शब्दकोश उतरवून काढत स्वतःला शिकवलं. मार खाऊन घ्या हा सल्ला त्यांना अपमानाचा वाटे, आणि त्यांच्या श्रोत्यांचं जगणं पाहिलं तर तो राग समजतो.

मार्च १९६४ मध्ये त्यांनी ‘नेशन ऑफ इस्लाम’ ही कृष्णवर्णीय मुसलमानांची आपली संघटना सोडली, हजला गेले, आणि गोऱ्यांबद्दलची त्यांची सरसकट भूमिका बदलली. किंग यांच्याशी त्यांची भेट एकदाच, २६ मार्च १९६४ ला सिनेटच्या इमारतीत, काही मिनिटांपुरती झाली. फेब्रुवारी १९६५ मध्ये किंग तुरुंगात असताना माल्कम अलाबामातल्या सेल्मा गावात आले आणि कोरेटांना म्हणाले, की मला त्यांचं काम अवघड करायचं नाही, दुसरा पर्याय काय आहे हे गोऱ्यांना दिसलं तर ते डॉ. किंगांचं जास्त ऐकतील. त्याच महिन्यात, २१ तारखेला, न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. वय ३९. किंगही ३९ व्या वर्षीच मारले गेले.

सेल्मात काय झालं आणि त्याने काय बदललं?

मताधिकाराच्या आंदोलनात पोलिसाच्या गोळीने जिमी ली जॅक्सन या तरुणाचा मृत्यू झाला. त्याच्या निषेधार्थ ७ मार्च १९६५ ला सुमारे ६०० लोक सेल्माहून माँटगोमेरीकडे चालत निघाले. एडमंड पेटस पुलापलीकडे घोडेस्वार पोलीस उभे होते. लाठ्या आणि अश्रुधूर. जॉन लुइस यांची कवटी फुटली, अमेलिया बॉइन्टन बेशुद्ध पडल्या. ती दृश्यं रात्री घरोघरी दिसली. दोन आठवड्यांनी हाच ५४ मैलांचा मोर्चा केंद्राच्या संरक्षणात पूर्ण झाला आणि ६ ऑगस्टला मताधिकार कायदा आला. मिसिसिपीत नोंदणी झालेल्या कृष्णवर्णीय मतदारांचं प्रमाण कायद्याआधी सुमारे ७ टक्के होतं, १९६७ पर्यंत ते ६० टक्क्यांच्या जवळ गेलं. कायदा काय करू शकतो ते या दोन आकड्यांत आहे.

सरकार त्यांच्या बाजूने होतं का?

कायदे सरकारनेच केले, आणि त्याच सरकारच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने नेत्यांवर पाळत ठेवली. किंग यांचे फोन ऐकले जात. १९६४ मध्ये त्यांना एक निनावी पत्र आणि ध्वनिफीत पाठवली गेली, आणि आत्महत्या करा असं त्यात सुचवलं होतं. हे एफबीआयचंच काम होतं, हे सत्तरच्या दशकात सिनेटच्या चौकशीत उघड झालं.

लोकमतही फारसं सोबत नव्हतं. १९६६ च्या गॅलप पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचं किंग यांच्याबद्दल प्रतिकूल मत होतं. पुढच्या वर्षी ते व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलले आणि जवळचेही दूर गेले. अखेरीस ते मेम्फिसला गेले ते सफाई कामगारांच्या संपासाठी. कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात सापडून दोन कामगार चिरडले गेले होते. १३०० कामगार ‘मी माणूस आहे’ एवढंच लिहिलेले फलक घेऊन रस्त्यावर होते. किंग यांना तिथे बोलावणारे होते नागपूरहून परतलेले तेच लॉसन. ४ एप्रिल १९६८ ला किंग यांची हत्या झाली आणि १६ एप्रिलला महापालिकेने कामगारांच्या मागण्या मान्य केल्या.

आंबेडकर आणि दलित पँथर यांचा या लढ्याशी कसा संबंध येतो?

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांचा प्रश्न त्याच मार्गाने नेता येईल का, याचा ते विचार करत होते. आपल्याला तुमचं नाव माहीत आहे आणि अस्पृश्यांच्या प्रश्नाबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, असं उत्तर ड्यू बॉइस यांनी पाठवलं.

१९६६ मध्ये ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ‘ब्लॅक पँथर’ पक्ष काढला. पोलिसांवर नजर ठेवणं आणि वस्तीतल्या मुलांना मोफत न्याहारी, ही त्यांची दोन्ही कामं गाजली. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली ती हेच नाव घेऊन. मात्र त्यांची भाषा आणि संताप इथल्या मातीतला होता, तो उसना नव्हता.

अमेरिकेत राहतो किंवा जाणार आहोत. यातलं प्रत्यक्ष काय पाहता येईल?

मेम्फिसमध्ये किंग जिथे मारले गेले ते लॉरेन मोटेल आता राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय आहे. त्यासाठी अख्खा दिवस ठेवा. माँटगोमेरीत रोझा पार्क्स संग्रहालय आणि किंग यांचं डेक्स्टर ॲव्हेन्यू चर्च आहे, तिथून सेल्मा गाडीने तासाभरावर. ग्रीन्सबरोची वूलवर्थची इमारतही संग्रहालय झाली आहे. पार्क्स यांची बस मात्र अलाबामात शोधू नका, ती मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे आणि तिच्यात चढून बसता येतं. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी किंग यांच्या नावाची राष्ट्रीय सुट्टी असते, तेव्हा गर्दी धरून चला. सेल्माच्या पुलावर दर वर्षी मार्चच्या सुरुवातीला लोक पुन्हा चालतात. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मताधिकार कायद्यातली केंद्राच्या पूर्वपरवानगीची तरतूद (काही राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची, ही) निकामी केली, आणि तेव्हापासून त्या चालण्यात मतदानाच्या हक्काच्या घोषणा पुन्हा ठळक झाल्या आहेत. मुलांना घेऊन जाणार असाल तर तीच वेळ गाठा.